पॅरामोटरवर थंडी आधी बोटांना गाठते
ठाण्यात डिसेंबरच्या पहाटेही पातळ स्वेटर पुरतो, परंतु पॅरामोटर (पाठीवर इंजिन व पंखा बांधून पॅराशूटसारख्या कापडी पंखाने उडण्याचे साधन) उडवण्यासाठी घाटावर जाणाऱ्यांनी तेवढ्यावर भागवू नये, कारण दर १००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरते आणि ताशी ४० किलोमीटरच्या आसपासचा वारा सतत अंगावर येत राहतो. ब्रेकचे टॉगल, म्हणजे कापडी पंख वळवण्याच्या दोऱ्यांच्या मुठी, धरलेले हात वर राहिल्याने बोटांकडचा रक्तप्रवाह मंदावतो, ती बधिर होतात आणि इंजिनचा जोर कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटलवरचा ताबा सुटू लागतो. त्यामुळे जॅकेटपेक्षा चांगल्या हातमोज्यांवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे. सुती बनियन टाळावा, कारण पाठीवर इंजिन घेऊन धावताना आलेला घाम त्यात मुरतो आणि वर गेल्यावर तोच गारठवतो. लोंबणारा मफलर प्रोपेलरमध्ये ओढला जाऊ शकतो, तेव्हा तो घरीच ठेवावा.