कॅम्पर ट्रेलरची सुटी पायरी घरी कशी बनवायची

"प्लॅस्टिकचा स्टूल ठेव की रे" हा सल्ला मला आजवर दहा जणांनी तरी दिलाय. त्यातल्या एकानेही भर पावसात ओल्या चपलेने, हातात चहाचं पातेलं घेऊन त्या स्टुलावरून ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या मुक्कामाच्या खोलीत, चढून बघितलेलं नाही. तेव्हा स्टूल विसरा. घडीची, बिजागरीवाली पायरी पण विसरा, तिच्यात एकदा बोट सापडलं की कळतं. साधा दोन पायऱ्यांचा खोका बनवा, प्रवासात आत ठेवला की त्याच्या पोटात चपला आणि चाकाखालची उटी पण मावतात.

सामान: १८ मिमी मरीन प्लायची अर्धी शीट, २५ बाय २५ च्या लाकडी रिपा, ८ नंबरचे ३५ मिमी स्टेनलेसचे स्क्रू, वॉटरप्रूफ फेविकॉल, प्रायमर, ऑइल पेंट. प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या मानकाचा, शिक्का बघूनच घ्या. आयएस ३०३ च्या साध्या प्लायमध्ये एमआर ग्रेडही येतो, तो फक्त दमटपणा सोसणारा, आणि तो ठाण्याच्या एका पावसाळ्यात पुरीसारखा फुगतो. सरळ काप दुकानातच मारून घ्या, सोसायटीत दुपारी कटर लावलात तर सेक्रेटरी आधी येईल आणि पायरी नंतर होईल.

आता माप. माझी पहिली पायरी इथेच फुकट गेली, त्यामुळे इथे जरा थांबा.

आमचा ट्रेलर घोडबंदर रोडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभा असतो. तिथेच मी टेप लावली, उंबरठ्यापासून खाली जमीन, झालं. पण पार्किंगला पाणी वाहून जायला उतार असतो हे डोक्यातच नाही आलं, शिवाय ट्रेलर रिकामा होता, आणि रिकामा ट्रेलर स्प्रिंगवर उंच बसतो. तर आधी पाण्याची टाकी भरा, गॅस आणि सामान चढवा, सपाट जागी आणून पाणसळ लावून ट्रेलर समतल करा, चारही जॅक खाली घ्या आणि मग मोजा. आणि उंबरठ्याच्या अगदी खाली नका मोजू, एक लांब सरळ पट्टी पाणसळीसकट बाहेर काढून जिथे पायरी उभी राहणार तिथली जमीन मोजा.

माझं माप आलं ५६० मिमी. ट्रेलरची फरशी हीच तिसरी पायरी, म्हणून दोन फळ्या असल्या तरी भागायचं तीनने, १८७ च्या आसपास येतात. घरातल्या जिन्याला नॅशनल बिल्डिंग कोड जास्तीत जास्त १९० मिमी चढ आणि कमीत कमी २५० मिमी रुंद पायरी सांगतो, तेव्हा १८७ ठीक आहे. रुंदीला, म्हणजे पाऊल टेकतं ते पुढून मागचं अंतर, मी २७० घेतो. तुमचं माप ५७० च्या वर गेलं तर चारने भागा आणि तीन फळ्या करा, खेचाखेची नको.

आणि आता खरी मेख. बाजूचे फळे कापताना मी सरळ १८७ आणि ३७४ वर खुणा केल्या आणि कापून मोकळा झालो. पण वर १८ ची फळी बसणार, खाली वाळूत रुतू नये म्हणून १८ चीच १०० मिमी रुंद पट्टी बसणार, हे ३६ मिमी कोण वजा करणार? झालं काय, तर पहिला चढ २२३, दुसरा १८७ आणि शेवटचा १५०. कागदावर काही वाटत नाही, पण पाय पहिल्या दोन चढांवरून अंदाज बांधतो आणि तिसऱ्याला फसतो. आईने पहिल्याच दिवशी ठेच खाल्ली, नखच गेलं, आणि "इंजिनिअर ना तू?" हे अजून ऐकतोय. म्हणून काप १५१ वर आणि ३३८ वर. ३६ दोन्हीकडून वजा होतात, पण दोन खुणांमधलं अंतर १८७ च राहतं. आधी पुठ्ठ्यावर हा आकार कापा, दाराशी उभा करून बघा, मगच प्लायला हात लावा.

जोडणी सोपी आहे. प्लायच्या कडेत स्क्रू मारू नका, थर उकलतात. आतून रिपा चिकटवून त्यात मारा, आधी ३ मिमीचं भोक पाडून. मागे एक आडवा फळा हवाच, नाहीतर खोका डुलतो. बाजूंना हात घालायला खाचा ठेवा, कारण वजन नऊ-दहा किलो भरतं.

कापलेल्या कडांना प्रायमरचे तीन हात. वरच्या ओल्या पेंटवर बारीक चाळलेली वाळू भुरभुरवा, सुकली की वर पेंटचा पातळ हात द्या. अँटी-स्किड टेप माझी दुसऱ्या पावसात सोलून निघाली, परत लावली नाही. फळीच्या पुढच्या कडेला पांढरी पट्टी मात्र मारा, रात्री दिसते.

लावताना ट्रेलरपासून दोन-तीन सेंटीमीटर लांब ठेवा, आतल्या माणसांच्या हालचालीने बॉडी डुलते आणि घासते. कोकणात जांभ्याच्या जमिनीवर जागा सपाट मिळेलच असं नाही. जमीन मापापेक्षा ४० मिमी खाली असली तर सगळी तूट शेवटच्या चढाला जाते. तेव्हा खोक्याखाली ४० नाही, २० मिमीची फळी टाका, म्हणजे तूट पहिल्या आणि शेवटच्या चढात निम्मी निम्मी वाटली जाते. स्क्रूने उंची बदलणारे पाय व्हिडिओत झकास दिसतात, वाळूत ते खिळ्यासारखे आत जातात.

निघताना पायरी आत घेतली की खाचेतली दोरी दाराच्या कडीला बांधा. दोरी लाल घ्या आणि पायरी बाहेर असेल तेव्हा तीच स्टिअरिंगला गुंडाळून ठेवा. माझी एक पायरी अजून नागावला कुणाच्या तरी वाडीत आहे.