रस्ता आणि ट्रॅक या दोहोंसाठी कॉइलओव्हर घेण्यापूर्वीची तयारी

कॉइलओव्हर म्हणजे डॅम्पर (धक्क्यानंतरचे हेलकावे शमवणारा शॉक अब्झॉर्बर) आणि त्याच्याभोवती बसवलेली स्प्रिंग यांचा उंची बदलता येणारा संच. तो घेण्यापूर्वी, गाडी वर्षभरात जेवढी धावते, त्यातले किती किलोमीटर शर्यतीच्या ट्रॅकवरचे आणि किती रस्त्यावरचे, हे सर्वप्रथम कागदावर लिहून काढावे. महाराष्ट्रातील चालकासाठी हे गणित फार एकांगी निघते. कोइमतूरची कारी मोटर स्पीडवे सुमारे २.१ किलोमीटरची आहे आणि चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक सुमारे ३.७ किलोमीटरचा, पुण्याहून यांपैकी कोठेही जायचे म्हटले तरी एका बाजूचा प्रवासच हजार किलोमीटरहून अधिक होतो. कारीवर पन्नास फेऱ्या मारल्या तरी १०५ किलोमीटर भरतात. गाडी ट्रेलरवर नेणार नसाल, तर आपण रस्त्याचेच सस्पेन्शन घेत आहोत आणि त्याने ट्रॅकवर दमछाक होऊ देऊ नये एवढीच अपेक्षा आहे, हे आधी मान्य करावे. पुढचे सर्व निर्णय त्यामुळे सोपे होतात, आणि बरेच स्वस्तही.

त्यानंतर आपल्या गाडीची मूळ रचना नीट समजून घ्यावी. चाकणला २०२२ पर्यंत बनलेल्या फोक्सवॅगन पोलोचे उदाहरण घेऊ, कारण ट्रॅकची हौस असणाऱ्यांकडे ती बऱ्याच संख्येने आढळते. तिला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि डॅम्पर एकत्र असलेला खांब) आहे आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाके जोडणारी, पीळ घेणारी आडवी तुळई), ज्यात स्प्रिंग आणि डॅम्पर वेगवेगळ्या जागी बसतात. म्हणजे 'कॉइलओव्हर सेट' म्हणून जे विकत मिळते, त्याचा मागचा भाग प्रत्यक्षात सुटी स्प्रिंग, उंची बदलणारी बैठक आणि स्वतंत्र डॅम्पर असा असतो. पुढचा स्ट्रट चाकाला धरणाऱ्या हबमध्ये घुसवून आवळला जातो की दोन बोल्टच्या पट्टीने धरला जातो, हेही आपल्या मॉडेलपुरते तपासून घ्यावे. कँबर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) कोठून बदलता येईल हे त्यावर ठरते. जुने टॉप माउंट (स्ट्रटचा वरचा आधार), लोअर आर्मचे (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश आणि लिंक रॉड (अँटी-रोल बारच्या जोडकाड्या) झिजलेले असतील तर ते आधी बदलावेत. ढिल्या बुशवर महागडा डॅम्पर बसवला तरी गाडीचा वळणातला अस्थिरपणा जात नाही आणि दोष मात्र नव्या सामानाला दिला जातो. टायर, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल यांचा खर्च अजून झालेला नसेल, तर कॉइलओव्हरची खरेदी पुढे ढकलावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता स्प्रिंगकडे वळू. विक्रेता प्रथम क्लिक (डॅम्परचा कडकपणा बदलण्याचे टप्पे) किती आहेत ते सांगतो. आपण प्रथम स्प्रिंगचा दर, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला लागणारे बल, विचारावा, आणि तो न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये आहे की किलो प्रति मिलिमीटरमध्ये, हे स्पष्ट करून घ्यावे. एक किलो प्रति मिलिमीटर म्हणजे जवळपास ९.८ न्यूटन प्रति मिलिमीटर. स्प्रिंगचा दर जसाच्या तसा चाकापर्यंत पोहोचत नाही. स्प्रिंगची हालचाल आणि चाकाची हालचाल यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने त्याला गुणावे लागते. स्ट्रटमध्ये हे गुणोत्तर एकाच्या जवळ असते, म्हणून तिथे फरक थोडा पडतो. समजा, पुढच्या एका चाकावर स्प्रिंगने तोललेले वजन ३०० किलो आहे आणि गुणोत्तर ०.९५ आहे. मग ३० न्यूटनच्या स्प्रिंगवर गाडीची नैसर्गिक वारंवारता (स्प्रिंगवर ती सेकंदाला किती वेळा वरखाली होते तो आकडा) सुमारे १.५ हर्ट्झ येते आणि ५० न्यूटनच्या स्प्रिंगवर सुमारे १.९५ हर्ट्झ. साध्या गाड्या एक ते दीड हर्ट्झच्या आसपास असतात. दोनच्या वर गेले की रोजचा रस्ता जाचू लागतो. रस्त्यानेच ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीसाठी मी १.५ ते १.८ यांच्या दरम्यान थांबेन. हा हिशेब विक्रेत्यासमोर बसून मांडावा. त्याला तो मांडता येत नसेल तर दुसरा विक्रेता शोधावा.

दर ठरला की चाकाची वरखाली होण्याची जागा, म्हणजे ट्रॅव्हल, मोजावा. खरेदीत सर्वाधिक दुर्लक्ष याच गोष्टीकडे होते. वरच्या उदाहरणात ५० न्यूटनची स्प्रिंग गाडीच्या वजनाने चाकापाशी सुमारे ६५ मिलिमीटर दबते, तर ३० न्यूटनची सुमारे ११० मिलिमीटर. स्प्रिंग कडक घेतली की खड्ड्यावरून जाताना चाकाला खाली उतरायला उरणारी जागा कमी होते; गाडी फार खाली बसवली की वर जायला उरणारी जागा संपते आणि डॅम्पर बंप स्टॉपवर (ट्रॅव्हलच्या टोकाच्या रबरी अडथळ्यावर) आदळू लागतो. ज्या सेटमध्ये केवळ स्प्रिंगची बैठक फिरवून उंची बदलते, त्यात उंची कमी करताना आतला ट्रॅव्हलही कमी होतो. ज्यात खालचा ब्रॅकेट स्वतंत्रपणे फिरतो, त्यात तो शाबूत राहतो. आपल्या रस्त्यांसाठी दुसऱ्या प्रकारासाठी जास्त पैसे मोजावेत. सरळ (सर्वत्र सारख्या) दराची स्प्रिंग आधीच दाबून बसवली म्हणजे ती कडक होते, हा समज गॅरेजमध्ये हटकून ऐकू येतो, पण तो चुकीचा आहे: दर तोच राहतो, फक्त उंची आणि खालचा ट्रॅव्हल बदलतो. चाक पूर्ण लटकल्यावर मुख्य स्प्रिंग सैल पडत असेल तर तिला जागेवर धरणारी छोटी हेल्पर स्प्रिंग आहे का, ते पाहावे.

उंचीच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गावोगावचे गतिरोधक हे मानक कितपत पाळतात, हे वेगळे सांगायला नको. शिवाय मॅकफर्सन स्ट्रटची गाडी फार खाली आणली की लोअर आर्म आडव्या रेषेच्या वर झुकतो, रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा अधिक वेगाने खाली जाते आणि वळणात गाडी कलण्याची प्रवृत्ती उलट वाढते. म्हणून मूळ उंचीपेक्षा २० ते २५ मिलिमीटर खाली आणणे पुरेसे समजावे.

डॅम्परविषयी एवढे पाहावे की प्रत्येक क्लिकला बल किती बदलते याचा डायनोवर (बल मोजणाऱ्या यंत्रावर) काढलेला आलेख निर्माता देतो का. बत्तीस क्लिकपैकी वीस एकसारखे निघत असतील तर त्या आकड्याला अर्थ नाही. एकच खुंटी असलेल्या डॅम्परमध्ये ती बहुधा रिबाउंड (डॅम्पर लांबतानाचा विरोध) बदलते, कधी रिबाउंड आणि कॉम्प्रेशन (दबतानाचा विरोध) दोन्ही एकत्र. यातले नेमके काय, ते विचारावे. तसेच सील आणि तेल बदलून डॅम्पर दुरुस्त होतो का, ते काम भारतात होते का आणि सुटे भाग मिळतात का, याची उत्तरे लेखी घ्यावीत. कोकणपट्टीत किंवा मुंबईत गाडी राहत असेल तर उंची बदलणारी रिंग ज्यांवर फिरते त्या स्टीलच्या आट्यांवर गंज रोखणारा लेप आहे का, हे पाहावे, आणि पावसाळ्यानंतर आटे धुऊन, ब्रशने साफ करून मगच रिंग फिरवावी.

कागदपत्रांचे काम थोडे असले तरी टाळू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील मूळ उत्पादकाच्या विनिर्देशांहून वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू उचलून धरली. खासगी गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीतून संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. म्हणून बदलाविषयी आरटीओत आणि विमा कंपनीत आधीच विचारणा करावी.

बसवण्याच्या दिवशी, जुने सामान काढण्यापूर्वी गाडीची चाकाच्या केंद्रापासून फेंडरच्या कडेपर्यंतची चारही उंची लिहून ठेवावी. एकदाच वापरायचे नट-बोल्ट नवे आणावेत, टॉर्क रेंच वापरायला लावावा, आणि रबरी बुशचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच शेवटचे आवळावेत. गाडी जॅकवर असताना आवळलेला बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवून वजन घ्यायचे झाल्यास चालकाच्या आसनावर चालकाएवढे वजन ठेवावे आणि लिंक रॉड सोडून ठेवावेत. मग व्हील अलाइनमेंट करावे: रस्त्यासाठी पुढे सुमारे उणे दीड अंश कँबर पुरतो, ट्रॅकवर अडीचपर्यंत जाता येते, पण टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) सरळ ठेवला नाही तर हमरस्त्यावर टायरची आतली कड झपाट्याने झिजते. हेडलाइटचा झोतही पुन्हा बसवून घ्यावा.

पुढच्या डॅम्परच्या दांड्यावर एक केबल टाय अडकवून नेहमीच्या खराब रस्त्याने जाऊन यावे. तो किती वर सरकला यावरून बंप स्टॉपपर्यंत किती जागा उरली, ते कळते. क्लिक नेहमी पूर्ण कडक टोकापासून मोजावेत आणि डावी-उजवी बाजू सारखीच ठेवावी. ट्रॅकवर एका वेळी एकच बदल करावा, गरम टायरमधील हवेच्या दाबासह त्याची नोंद वहीत करावी, आणि परतीच्या प्रवासाला निघण्यापूर्वी क्लिक रस्त्याच्या आकड्यावर आणावेत. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर लॉक रिंग (उंची पक्की धरणारी रिंग) आणि सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत, आणि स्प्रिंग बसून उंची काही मिलिमीटर उतरली असेल तर अलाइनमेंट दुसऱ्यांदा करून घ्यावे.