लांब लाइनचा डिफ करंट: आधी कागदावर, मग रिलेवर

‘साहेब, डिफ शून्य येत नाही’ असा फोन मला महिन्यातून एकदा तरी येतो. डिफ म्हणजे लाइनच्या दोन टोकांच्या करंटमधला फरक; डिफरन्शियल रिले तो मोजतो आणि फार वाढला तर लाइन तोडतो. लांब लाइनवर तो शून्य येणारच नाही. किती यायला हवा, ते आधी कागदावर काढा.

ट्विन मूस (फेजमागे दोन ‘मूस’ तारा) कंडक्टरच्या ४०० केव्ही लाइनला किलोमीटरमागे साधारण ०.८ अँपिअर चार्जिंग करंट (लोड नसतानाही लाइनच्या कपॅसिटन्समुळे वाहणारा) धरतो. १९० किलोमीटरचे झाले १५२. लाइन रिअॅक्टर (चार्जिंग करंट भरून काढणारी कॉइल) झोनच्या, म्हणजे दोन्ही टोकांच्या सीटींच्या (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरांच्या), आत असेल तर त्याचा करंट वजा करा. ४२० केव्हीला ५० एमव्हीएआरचा रिअॅक्टर ४०० केव्हीला ६५ अँपिअर घेतो. उरले ८७.

आता रिलेतलं चार्जिंग कॉम्पेन्सेशन (हा करंट डिफमधून वजा करणारी सोय) बंद ठेवून लाइन एकाच टोकाने चार्ज करा. डिफ ८७ च्या आसपास दिसला पाहिजे. पुढे कॉम्पेन्सेशन सुरू कराल तेव्हा ८७ च भरा. १५२ भरलेत तर रिले नसलेले ६५ अँपिअर दाखवत बसेल.

सीटीची पोलॅरिटी (जोडणीची दिशा) मात्र लोडवरच कळते. तोवर डिफरन्शियलची ट्रिप लिंक (ब्रेकर उघडण्याचा आदेश नेणारी जोडणी) उघडी आणि डिस्टन्स (लाइनचं दुसरं संरक्षण) सेवेत. सीटी उलटा असेल तर डिफ थेट लोडच्या दुप्पट दिसतो.

अशाच ८७ डिफच्या लाइनवर एका उपकेंद्रात सगळं नीट चालू असताना डिफ अचानक २१० च्या पुढे जाऊ लागला. अलार्म नको म्हणून कुणीतरी पिकअप (ज्या डिफला रिले जागा होतो तो आकडा) २०० वरून ४०० करून ठेवला होता. असलं औषध मला अजिबात मान्य नाही. झाडाला चाटलेल्या लाइनचा हाय रेझिस्टन्स (कमी करंटचा) फॉल्ट मग कोण पकडणार? मी दिवसभर मीटरसमोर बसलो. लोड उतरला की डिफ उतरायचा, ८०० अँपिअरला पुन्हा वर. चार्जिंग करंट लोडच्या मागे धावत नाही. सीटीचा रेशो दोन्हीकडे बरोबर होता, म्हणून चॅनल (दोन टोकांच्या रिलेंमधला फायबरचा दुवा) पाहिला. जाणारा डेटा सरळ मार्गाने, येणारा रिंगच्या लांब बाजूने, २०० किलोमीटर जास्त. फायबरमध्ये तेवढ्याला १ मिलिसेकंद लागतो. रिले जाण्या-येण्याच्या वेळेचे सरळ दोन भाग करतो, म्हणजे चूक अर्ध्या मिलिसेकंदाची, ५० हर्ट्झला ९ अंश. ८०० अँपिअरवर हे खोटे १२५ होतात. ८७ मध्ये मिळवा.

टेलिकॉमवाल्यांना दोन्ही दिशा एकाच मार्गावर बांधायला लावल्या. डिफ ८८ वर आला, पिकअप पुन्हा २०० केला.