मोठ्या बोआला परवडेल असं आणि पोटभर खाऊ कसं घालावं

आमची बोआ (अजगरासारखा बिनविषारी साप) सात फूट लांब आहे, वजन सहा किलो. टेक्सासमध्ये आमच्या घरी ती लहान असताना आली. तिची वाढ पूर्ण झाल्यावरही मी सवयीने दर दहा दिवसांनी तिला एक मोठा उंदीर देत राहिले. खर्च डोईजड झालाच, पण त्याहून वाईट म्हणजे तिच्या अंगावर चरबी चढली. सापांच्या जाणकार डॉक्टरांनी तिला हातात घेऊन सांगितलं, "हिला कमी द्या." स्वस्तात खाऊ कुठे मिळतो हे मी नंतर शिकले. खरी बचत त्या एका वाक्यात होती.

(भारतातल्या वाचकांसाठी: अजगर, नाग, धामण हे आपले देशी साप घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. इथे अमेरिकेतही राज्याराज्यात, गावागावात नियम वेगळे असतात, ते आधी पाहा.)

आधी वजन करा

डबा वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, मग साप डब्यात सोडा. पूर्ण वाढलेल्या बोआला एका वेळी तिच्या वजनाच्या साधारण पाच टक्के खाणं पुरतं. सहा किलोला तीनशे ग्रॅम, म्हणजे एक थोराड उंदीर. तो चार आठवड्यांतून एकदा. दर दहा दिवसांनी दिला तर वर्षाला ३६ उंदीर लागतात, चार आठवड्यांनी दिला तर १३. वर्षभरात चार किलोसुद्धा खाणं होत नाही! बोआ भक्ष्याची वाट पाहत पडून राहणारं जनावर आहे, तिचं शरीर लांबलांबच्या जेवणांसाठीच घडलेलं आहे. रोज भटकून शिकार करणाऱ्या प्राण्याचा हिशेब तिला लावू नका.

आकड्यापेक्षा अंगाकडे पाहा. पाठीचा कणा वर येऊन अंग त्रिकोणी दिसलं तर खाणं कमी पडतंय. अंग वळवताना घड्या पडल्या, खवल्यांमधली कातडी दिसू लागली, की जास्त होतंय. पिल्लांना मात्र हे वेळापत्रक लावू नका. वाढत्या वयात त्यांना दहा ते चौदा दिवसांनी लहान भक्ष्य लागतं.

गोठवलेले उंदीर घाऊक घ्या

पाळीव प्राण्यांच्या दुकानात सुटा उंदीर सगळ्यात महाग पडतो. गोठवलेले उंदीर विकणाऱ्यांकडून एकदम मागवले तर दर बराच खाली येतो. अडचण पाठवणावळीची, कारण माल कोरड्या बर्फात येतो. म्हणून आम्ही चार घरं मिळून एकच मागणी नोंदवतो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रदर्शनात गेलात तर तोही खर्च वाचतो. जाताना बर्फाची पेटी न्या.

सहा महिने ते वर्षभर पुरेल इतकंच घ्या, पिशवीतली हवा काढून तारीख लिहा. शक्यतो वेगळा छोटा फ्रीझर ठेवा. गोठवल्याने साल्मोनेला जंतू मरत नाहीत, म्हणून घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर हा खर्च टाळू नका.

साप आणखी मोठा असेल, एका वेळी दोन-तीन उंदीर लागत असतील, तर एक लहान ससा किलोच्या हिशेबाने बहुधा स्वस्त पडतो. सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागापेक्षा भक्ष्य रुंद नको.

वितळवणं आणि देणं

आदल्या रात्री उंदीर बंद पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी पिशवीसकट गरम पाण्यात धरा, हाताला सोसेल इतकंच गरम. दाबून पाहा, पोटात गाठ लागली तर आत अजून बर्फ आहे. मायक्रोवेव्ह वापरू नका. कोरडा करून लांब चिमट्याने द्या. साप आठ फुटांच्या आसपास असेल तर घरात दुसरं मोठं माणूस हजर हवं, ही अट मी कधीच मोडत नाही. नंतर हात साबणाने धुवा, दोन दिवस तिला उचलू नका.

पिंजऱ्याची उबदार बाजू ३१-३२ अंश सेल्सियस हवी. थंडी असली तर खाल्लेलं पचत नाही, साप ते ओकतो, म्हणजे पैसे गेले आणि तिला त्रासही झाला. ओकलं तर निदान दोन आठवडे काही देऊ नका, आणि पुन्हा ओकली तर डॉक्टरांना दाखवा. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ झाले की बरेचदा ती खात नाही. तेव्हा उंदीर वितळवूच नका, कारण वितळलेला पुन्हा गोठवता येत नाही.

जिथे काटकसर करू नये

जिवंत उंदीर स्वस्त मिळाला तरी नको. तो सापाला चावतो, आणि एका जखमेच्या उपचारात वर्षभराचा खाऊ आला असता. शिवाय उंदराचे हालही होतात. घराबाहेर पकडलेला तर अजिबात नको, त्याच्या पोटात विष असू शकतं. दुकानातली कोंबडीची तंगडी हा पर्याय नाही. सापाला हाडं, काळीज, आतडी, केस असं अख्खं भक्ष्य लागतं, त्यातूनच कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं मिळतात. नागपंचमीच्या आठवणीने भारतातले नातेवाईक दुधाचं विचारतात. साप दूध पीत नाही, बळेच पाजलं तर आजारी पडतो. वाटीत फक्त स्वच्छ पाणी, रोज बदललेलं.

घरीच उंदीर पैदास करावी का? एका सापासाठी नाही. एका वेळी आठ-दहा पिल्लं होतात, त्यांचं खाणं, भुसा, वास आणि रोजची साफसफाई मिळून वर्षाच्या तेरा उंदरांपेक्षा कितीतरी महाग पडतं.