मुलाच्या अंगावर सारखे डाग येतायत, कारण कळत नाही? डॉक्टरकडे जायच्या आधी हे करून ठेवा

डाग उठतात, दोन-चार दिवसांत बसतात, परत उठतात, आणि ज्या दिवशी डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळते त्या दिवशी पोराचं अंग नेमकं स्वच्छ. मग डॉक्टर विचारतात कसे होते, आपण हाताने हवेत गोल काढून दाखवतो, आणि ते बिचारे अंदाजाने औषध देतात. म्हणून माझं म्हणणं असं की रोगाचं नाव शोधत रात्री मोबाईल घेऊन बसू नका, ते काम डॉक्टरांचं. आपलं काम पुरावा गोळा करायचं. डाग कुठे आला, किती वेळ टिकला, दाबल्यावर काय झालं, त्या वेळी घरात अजून कोणाला खाजत होतं का, एवढं नीट सांगता आलं की निम्मं निदान तिथेच होतं.

पण सगळ्यात आधी ग्लास. घरातला साधा काचेचा पारदर्शक ग्लास घ्या, डागावर जरा दाबून धरा आणि काचेतून बघा. डाग फिका पडला किंवा दिसेनासा झाला तर बहुतेक वेळा घाईचं काही नसतं. दाबूनही तसाच लाल किंवा जांभळा राहिला तर ते कातडीखाली सांडलेलं रक्त असू शकतं, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर, आणि सोबत ताप असेल, मूल मलूल पडलं असेल, मान ताठ वाटत असेल, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त येत असेल तर अपॉइंटमेंट वगैरे काही नाही, सरळ हॉस्पिटल. यात डेंगू असू शकतो, प्लेटलेट कमी झालेल्या असू शकतात, क्वचित मेंदूज्वराचं इन्फेक्शन पण असू शकतं. डेंगूत ताप उतरला म्हणून निश्चिंत होऊ नका, खरा धोका बरेचदा ताप उतरतानाच असतो, पोटात जोरात दुखणं आणि सारख्या उलट्या दिसल्या की निघायचं. सावळ्या कातडीवर हे ठिपके पटकन दिसत नाहीत, त्यामुळे तळहात, तळपाय, तोंडाच्या आत आणि डोळ्याच्या खालच्या पापणीच्या आत पण बघा. आणि दुसरी घाई म्हणजे डागांसोबत ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, श्वासाला त्रास, तिथे तर थेट १०८ लावा.

हे काही नसेल तर आता शांतपणे पुढचं काम, पेन. नवीन डाग दिसला की त्याच्या कडेने बॉलपेनने गोल काढा आणि वेळ लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बघा. गोल रिकामा आणि बाजूला दुसरीकडेच नवीन उठलंय, तर ते बहुतेक अंगावर पित्त उठणं, म्हणजे गांधी, कारण गांधीचा एक एक चट्टा शक्यतो २४ तासांच्या आत जातो पण जागा बदलत राहतो. लहान मुलांत याचं सगळ्यात मोठं कारण साधं सर्दी-तापाचं व्हायरल असतं, ते बरं झाल्यावरही काही दिवस गांधी उठत राहते. सहा आठवड्यांच्या वर चाललं तर मात्र त्याची वेगळी तपासणी लागते. आणि गोलाच्या आत डाग दोन-तीन दिवस तसाच असेल, मध्ये बारीक टोचल्यासारखा ठिपका असेल, तर बहुतेक कीडा चावलाय.

फोटो काढताना फ्लॅश बंद, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात. एक लांबून, डाग शरीरावर कुठे कुठे आहेत ते दिसेल असा, आणि एक जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून म्हणजे आकार कळतो. फिल्टरवाला कॅमेरा नको, तो डागच पुसून टाकतो 😅. आणि फोटो काढायच्या आधी हळद, गेरू, कॅलामाईन काहीही लावू नका, डॉक्टरकडे जाताना तर नाहीच, कारण मग कातडीचा खरा रंगच दिसत नाही. आजी आमसुलाचं पाणी लावायचं म्हणाली तर कातडी फुटलेली नसेल तर लावू दे, पण आधी फोटो. बिब्ब्याला मात्र स्पष्ट नाही म्हणायचं, कोणी कितीही मोठं माणूस सांगत असलं तरी, बिब्ब्याने लहान मुलाची कातडी अक्षरशः भाजते आणि फोड येतात.

आता खाण्याबद्दल, कारण पहिला संशय तिथेच जातो. वांगं, अंडं, शेंगदाणे, दूध, एकेक करत सगळं बंद होतं आणि पोरगं वरणभातावर येतं. खाण्याची खरी ॲलर्जी असेल तर डाग साधारणपणे खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत येतात, आणि तो पदार्थ खाल्ला की प्रत्येक वेळी येतात. परवा वांगं खाल्लं आणि आज सकाळी पायावर फोड, याचा एकमेकांशी संबंध लावू नका. स्वतःच्या मनाने दूध-अंडी बंद करू नका, वाढीचं वय आहे. आणि त्या शंभर-दीडशे पदार्थांच्या ॲलर्जी पॅकेजवर पैसे घालवायच्या आधी डॉक्टरांना विचारा, कारण रक्तात पॉझिटिव्ह आलं म्हणजे तो पदार्थ बाधतोच असं नसतं, आणि तो लांबलचक रिपोर्ट हातात आला की घरात स्वयंपाक काय करायचा हाच प्रश्न पडतो.

मी आजूबाजूला जे बघितलंय त्यात "कारणच सापडत नाही" म्हणून फिरणाऱ्या बऱ्याच केसेस शेवटी डास, पिसवा नाहीतर ढेकणांवर येऊन थांबतात, आणि हे आईबापांना पटतच नाही. "पण मग मोठीला का नाही होत, ती पण त्याच बेडवर झोपते?" कारण हा नुसता चावा नसतो, चाव्याची ॲलर्जी असते. साधारण दोन ते दहा वर्षांच्या मुलांत दिसते, ज्याचं शरीर जास्त चिडतं त्यालाच फोड येतात, बाकीच्यांना चावलेलं कळत पण नाही. आणि यातली गंमत म्हणजे एक नवीन चावा झाला की आधीचे बसलेले जुने डाग पण परत खाजायला आणि फुगायला लागतात, एक डास चावतो हाताला आणि पायावरचे गेल्या आठवड्यातले सगळे डाग जागे होतात. म्हणून वाटतं की आतूनच काहीतरी येतंय, रक्त खराब आहे. रक्त वगैरे काही खराब नसतं. बघायचं एवढंच की डाग उघड्या भागावर आहेत का, पोटरी, हात, कंबरेला शर्ट वर सरकतो तिथे, दोन-तीन ओळीत किंवा घोळक्याने, आणि चड्डीच्या आत काहीच नाही. पावसाळ्यात वाढतात का, गावाला जाऊन आल्यावर येतात का, घरात किंवा जिन्यात कुत्रं-मांजर आहे का. गादीच्या शिवणी आणि पलंगाच्या फटी रात्री टॉर्च मारून बघा, काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकूण. मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, डास पळवायचं क्रीम पाकिटावरचं वय बघून आणि हाताच्या पंजांना न लावता, नखं बारीक कापलेली. हा प्रकार वयाबरोबर हळूहळू कमी होतो पण वर्ष-दोन वर्षं पुरतो कधीकधी, एका आठवड्यात फरक पडेल अशी अपेक्षा नको.

खाज रात्रीच जास्त आणि घरात अजून कोणालातरी खाजतंय, तर खरूज डोक्यात ठेवा. बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबीभोवती, मुलग्यांना लघवीच्या जागी, आणि तान्ह्या बाळांना तळहात-तळपायांवर पण. लोकांना नाव घ्यायला लाज वाटते, पण खरूज फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना पण होते. उपचार घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री करायचा असतो, खाज नसलेल्यांनीसुद्धा, आणि साधारण आठवड्याने परत, कपडे-चादरी गरम पाण्यात धुऊन. एकट्या मुलाला क्रीम लावलं की ती फिरून परत येते. औषधानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, त्याला अपयश समजून रोज क्रीम थापू नका. खाजवून पिकलं, मधासारखी पिवळी खपली धरली तर डॉक्टरला दाखवा, आणि नंतरच्या सहा आठवड्यांपर्यंत कधीही तोंड सुजलं किंवा लघवी काळपट चहासारखी झाली तर लगेच, कारण या इन्फेक्शननंतर कधी किडनीला सूज येते.

डाग दर वेळी अगदी त्याच जागी येत असेल, गोल, काळपट-जांभळा, ओठावर किंवा लघवीच्या जागी पण, तर त्याच्या आधी कुठलं औषध दिलं होतं ते आठवा. जुलाबाचं, तापाचं, अँटिबायोटिक, काहीही. औषधाची ही रिॲक्शन तीच जागा धरून बसते. औषधांच्या बाटल्यांचे फोटो पण त्याच अल्बममध्ये टाका.

चेहऱ्यावरचे फिके, जरा कोरडे पांढुरके चट्टे दिसले की "जंत झालेत, कॅल्शियम कमी आहे" हे ठरलेलं वाक्य येतं. बहुतेकदा ते कोरड्या कातडीचे असतात, उन्हात जास्त उठून दिसतात, मॉइश्चरायझर लावत राहिलं की महिन्यांनी जातात. दुधासारखा पांढराशुभ्र, कडा स्पष्ट असलेला चट्टा वेगळा, आणि ज्या फिक्या चट्ट्यावर स्पर्श कळत नाही तो अजून वेगळा, तो कुष्ठरोगासाठी तपासून घ्यायचा, सरकारी आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळतं आणि मूल पूर्ण बरं होतं.

आता ट्यूब. मेडिकलमध्ये जाऊन "खाजेचं काहीतरी द्या" म्हटलं की जी ट्यूब मिळते तिच्या मागे बारीक अक्षरात बघा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन असलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड. नायट्यावर हे लावलं की चार दिवस खाज थांबते, लाली जाते, सगळे खूश, आणि बुरशी आत मजेत पसरत राहते, मग चट्टा मोठा होऊन परत येतो आणि त्याचा गोल आकारही मोडतो, डॉक्टरलाही ओळखायला जड जातं. म्हणूनच २०१८ मध्ये सरकारने अशा बऱ्याच क्रीम्स चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, विकल्या जातात ती गोष्ट वेगळी. पण उलट टोकालाही जाऊ नका, कोपराच्या आणि गुडघ्याच्या वळ्यांत एक्झिमा (कोरडी, खाजरी, लालसर झालेली कातडी) असेल आणि स्किनच्या डॉक्टरांनी मोजून मापून स्टेरॉइड दिलं असेल तर घाबरून बंद करू नका.

आधी नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा, ते मुलाला ओळखतात, गरज असेल तर तेच पुढे पाठवतील. जाताना फोनमध्ये एक वेगळा अल्बम, आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून, रिकाम्या पण, आणि ज्याला घरात खाजतंय त्या माणसालाही सोबत न्या. सांधे दुखणं, पोटात कळा, वारंवार ताप, वजन न वाढणं, मार न लागता काळेनिळे वळ, यातलं काही असेल तर ते स्वतःहून आधी सांगा, डॉक्टर डागांबद्दल विचारतील म्हणून थांबू नका.

आणि डाग बरे झाल्यावर जे काळे व्रण राहतात ते आपल्या कातडीवर कित्येक महिने राहतात, तो आजार नाही, त्याला गोरं करायचं क्रीम नको. नवीन फोड येतायत का तेवढंच बघत राहा.