मेंदूसाठी चालताय? मग या चुका टाळा

"महिनाभर रोज चालतोय, पण विसरभोळेपणा काही कमी होत नाही." साठीच्या आसपासची माणसं ही तक्रार हमखास करतात. चालणं मेंदूला मानवतं, यात शंका नाही. चुकतो तो बहुतेक वेळा वेग आणि धीर.

शतपावलीलाच व्यायाम समजणं ही सगळ्यात मोठी चूक. जेवणानंतरच्या फेऱ्या साखरेसाठी चांगल्याच, त्या सोडू नका. पण मेंदूचा रक्तपुरवठा वाढायला आणि पेशींना पोसणारं बीडीएनएफ हे प्रथिन वाढायला थोडा दम लागायला हवा. कसोटी सोपी आहे: चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. बागेत चौघीजणी मिळून निघाल्या की गप्पा रंगतात आणि पावलं मंदावतात. गप्पा मेंदूलाही हव्यातच, पण आधी अर्धा तास झपाझप चाला, मग बाकावर बसून मनसोक्त बोला. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही. घड्याळातल्या आकड्यापेक्षा श्वासावर भरवसा ठेवा.

दुसरी चूक घाईची. 2011 साली अमेरिकेत कर्क एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 55 ते 80 वयाची 120 माणसं होती. निम्मी आठवड्यातून तीनदा चालली, निम्म्यांनी फक्त अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. वर्षभरानंतर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींशी निगडित भाग, सुमारे 2 टक्क्यांनी वाढला. दुसऱ्या गटाचा साधारण 1.4 टक्क्यांनी आक्रसला. लक्षात घ्या, वर्षभरानंतर! आणि सुरुवात 10 मिनिटांनी झाली होती, दर आठवड्याला 5 मिनिटं वाढवत ती माणसं 40 वर पोहोचली. पहिल्याच दिवशी तासभर चालून गुडघा धरून बसणाऱ्यांनी हा क्रम जरूर पाळावा. तरीही स्मरणशक्तीच्या चाचणीत चालणारे दुसऱ्या गटाच्या फार पुढे गेले नव्हते. म्हणून "नावं आठवायला लागली का?" अशी रोज परीक्षा घेऊ नका. त्याआधी फरक जाणवतो तो झोपेत आणि मूडमध्ये.

झोपेवरून आठवलं. रात्री बारापर्यंत मोबाइल आणि पाचला गजर, हा सौदा तोट्याचा आहे. दिवसभरातल्या आठवणी पक्क्या होतात त्या झोपेतच. पहाट जमत नसेल तर संध्याकाळी चाला.

चालून आल्यावर डोकं हलकं होण्याऐवजी गरगरतंय? पाणी कमी पडत असेल. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा गोळ्या घेऊन उपाशीपोटी निघत असाल तर साखर उतरत असण्याची शक्यता आहे; ती तपासा आणि डॉक्टरांशी बोला. गुडघे बोलत असतील तर सायकल किंवा पोहणं चालेल.

शेवटची चूक मला सगळ्यात जास्त खटकते: "आता चालतो ना, मग बीपीची गोळी कशाला?" वाढलेला रक्तदाब मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या गुपचूप खराब करतो. गोळी कमी करायची की नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्या. आणि रोजच्या रस्त्यावर वाट चुकायला लागली, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाऊ लागला, तर चालण्याच्या भरवशावर थांबू नका. बी-12 आणि थायरॉइड तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरता सर्रास सापडते, आणि त्यावर उपचार आहेत.