मसाजला कपिंगची जोड : माझा अनुभव

उजव्या खांद्याच्या फऱ्याजवळची गाठ मसाजने दोन दिवस मोकळी व्हायची, की पुन्हा आखडायची. मग थेरपिस्टने तेल लावून मसाज केल्यावर त्यावरच सिलिकॉनचा कप बसवून हळूहळू सरकवला. मसाजमध्ये स्नायू दाबला जातो, कपिंगमध्ये कपातल्या हवेच्या ओढीने (सक्शनने) कातडी वर ओढली जाते. तो ताण अगदी आतपर्यंत जाणवला. शेवटी कप गाठीवर ५ मिनिटंच ठेवला, कारण जास्त वेळ ठेवला तर फोड येऊ शकतात. (रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचाराच.) जांभळे गोल डाग आठवडाभर राहिले, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर दिसले होते तसेच. चौथ्या खेपेनंतर गाडी मागे घेताना मान सहज वळली.